अराहुरा तुझ्याकडे येतेय

वेलिंग्टन,
ऑक्टोबर २०१५

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू पोटभर हसलास. "भंगारात चाललेल्या बोटीला निरोप द्यायला रजा टाकलीस? साठीच्या आधीच बुद्धी नाठी झाली की काय तुझी?" हसण्यासारखंच आहे म्हणा. पण फोनवर हे सगळं नीट सांगता येईना, म्हणून पत्राला बसलोय. शिवाय तुझ्याकडून एक काम करून घ्यायचंय. ते शेवटी सांगतो, नाहीतर तू तेवढंच वाचून पत्र खिशात घालशील.

बोटीचं नाव अराहुरा. डेन्मार्कमध्ये ऑलबोर्गच्या गोदीत बांधली आणि १९८३ च्या डिसेंबरात इथं कामाला लागली. लांबी १४८ मीटर. न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण बेटांमध्ये कुक स्ट्रेट ही सामुद्रधुनी आहे, तिच्या अल्याड वेलिंग्टन आणि पल्याड पिक्टन. अंतर ९२ किलोमीटर, साडेतीन तासांचा प्रवास. माणसं, मोटारी, मेंढ्यांचे ट्रक हे सगळं तर ती न्यायचीच, पण तिचा खरा मान वेगळा. तिच्या पोटात रेल्वे शिरायची.

तुला हे खोटं वाटेल, मलाही वाटलं होतं. बोट धक्क्याला पाठ लावून उभी राहते. मागचा दरवाजा उघडतो आणि धक्क्यावरचा हलता पूल तिच्या डेकला येऊन मिळतो. पुलावरचे रूळ आणि डेकमध्ये बसवलेले रूळ एका रेषेत आले की इंजिन मालडब्यांची रांग हळूहळू आत ढकलतं. एका बाजूच्या रुळावर वजन आलं की बोट त्या अंगाला कलते. मग पोटातल्या टाक्यांमधलं पाणी पंपाने दुसऱ्या अंगाला न्यायचं आणि तिला सरळ करायचं. डबे आत गेले की एकेक डबा साखळीने डेकला आवळून टाकायचा. कुक स्ट्रेटमध्ये दक्षिणेचा वारा सुटला की काय होतं ते मी पहिल्याच प्रवासात भोगलंय. माझी बायको अजून त्या दिवसाचा विषय काढू देत नाही. त्या हेलकाव्यात खाली चाळीसेक टनांचा एक डबा सुटला तर काय होईल याची कल्पना कर. साखळी आवळणाऱ्या माणसाची किंमत तिथं कळते. या माणसाकडे मी पुन्हा येणार आहे.

अशी पहिली रेल्वे-फेरी, म्हणजे रेल्वे नेणारी बोट, इथं १९६२ साली आली, अरामोआना. मग अरानुई, अराहांगा, अराटिका. अराहुरा त्या घराण्यातली. आता रूळ असलेली एकच बोट उरली, अराटेरे. अराहुराच्या जागी भाड्याने आणलेली स्टेना अलेग्रा आलीय. मोठी आहे, चांगली आहे, पण तिच्यात रूळ नाहीत. तिच्यावरून मालगाडीचा माल न्यायचा तर तो धक्क्यावर उतरवून पुन्हा चाकांवर चढवायचा. हिशेबनीस म्हणून मला यातली आकडेमोड समजते. प्रवासी म्हणून मात्र पटत नाही.

या बोटीच्या नावावर एक रात्र जमा आहे. १६ फेब्रुवारी १९८६. मिखाईल लेर्मोंतोव्ह नावाचं रशियन प्रवासी जहाज मार्लबरो साउंड्स नावाच्या खाड्यांमधल्या केप जॅक्सनजवळ खडकावर घासलं आणि काही तासांत पोर्ट गोरच्या खाडीत बुडालं. जहाजावर सातशेच्या वर माणसं, त्यात म्हातारे प्रवासी पुष्कळ. काळोखात टारिहिको नावाचा गॅसवाहू टँकर आणि आपली अराहुरा मदतीला धावून गेल्या, आसपासच्या लहान होड्याही आल्या. एवढ्या माणसांपैकी एकच खलाशी गेला. बाकी सगळे वाचले. इथल्या लोकांच्या मनावर १९६८ च्या वाहिने बोटीचा ओरखडा होता. ती तर वेलिंग्टनच्या बंदराच्या तोंडाशी, लोकांच्या डोळ्यांदेखत बुडाली होती आणि पन्नासच्या वर माणसं गेली होती. त्यामुळे लेर्मोंतोव्हच्या रात्रीचं मोल इथं फार. निरोपाच्या दिवशी याच रात्रीच्या आठवणी सगळ्यात जास्त निघाल्या.

तो दिवस बुधवार, २९ जुलै. इथला ऐन हिवाळा. मी पॉइंट हॅल्सवेलला गेलो होतो, बंदरातून बाहेर पडणारी बोट तिथून अगदी जवळून दिसते. मला वाटलं होतं आपण एकटेच खुळे. बघतो तर रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. इथं फेरीवेड्यांची एक जातच आहे, दिनू. थर्मास, लोकरी टोपी, दुर्बीण आणि एक मळकी वही. वहीत काय, तर कुठली बोट किती वाजता गेली, धूर कसा होता, नवा रंग कुठे लागला. माझ्या शेजारी एक आजीबाई फोल्डिंगची खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांचे यजमान अराहुरावर स्वयंपाकी होते, ते कधीच वारले. त्यांनी मला आल्याचा केक दिला आणि विचारलं, "तू कुठला?" म्हटलं, भारतातला. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही.

बोट आली, भोंगा वाजला, गाड्यांनीही हॉर्न वाजवले. डेकवर कठड्याला टेकून माणसं उभी होती, किनाऱ्यावरची माणसं हात हलवत होती. पाच-सहा मिनिटांत ती पुढे निघून गेली. मग मंडळींनी वहीत वेळ टिपली, थर्मास मिटले आणि आपापल्या घरी गेली. भाषण नाही, हार नाही, नारळ नाही. रडणारं म्हणशील तर कोणी नव्हतं. मीच काय तो नाक पुसत होतो, आणि ते थंडीनं, असं घरी सांगितलंय.

खरं सांगू? मला त्या वेळी अराहुरापेक्षा आपली कोकण सेवक जास्त आठवत होती. आठवतं ना, मालवणला बोट बाहेरच उभी राहायची आणि आपण पडावातून हेलकावे खात तिला लागायचो? तुझ्या आजीची फणसाची टोपली वर घेताना खलाश्याने हात सोडला आणि ती पाण्यात गेली, तेव्हा आजीने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. "मेल्या, तुझा काय्येक बरा जावचा नाय!" मग रात्रभर डेकवर चादरी पसरून, वळकटीला डोकं टेकून, सकाळी भाऊचा धक्का. आपली अख्खी कॉलेजची वर्षं त्या बोटीने वाहिली.

आणि तिचं पुढे काय झालं? दर वर्षी पावसाळ्यात बोट बंद व्हायची आणि पावसाळा सरला की सुरू व्हायची. एका वर्षी सुरूच झाली नाही. बस्स. कोणी धक्क्यावर गेलं नाही, कारण ती शेवटची फेरी आहे हे कोणाला ठाऊकच नव्हतं. आपण एसटीला लागलो, मग रेल्वे आली. ती बोट कुठे विकली, कुठे मोडली, हे तुला माहीत आहे का? मला नाही. ज्या बोटीने आपल्या गावची निम्मी माणसं मुंबईला नेऊन पोटाला लावली, तिची वेळ टिपणारी एक मळकी वहीसुद्धा आपल्याकडे नव्हती. हे मला त्या रस्त्यावर उभं राहून फार लागलं. तू याला रडगाणं म्हण, माझी हरकत नाही.

आता पुढचं. इथल्या फेरीवेड्यांत दोन तट पडले होते. एक म्हणत होता, बोट राखा, तिचं म्युझियम करा, हॉटेल करा. दुसरा तट जुन्या खलाश्यांचा. त्यांचं म्हणणं, बांधून ठेवलेली बोट मरत नाही आणि जगतही नाही, तिला गंज खातो. मी दुसऱ्या तटाचा. १४८ मीटरची बोट धक्क्याला नुसती उभी करायची म्हटली तरी जागेचं भाडं, रंग, पंप, पहारा. चार वर्षं कौतुक होतं, पाचव्या वर्षी नगरपालिकेत बोटीवरून भांडणं. त्यापेक्षा कापलेली बरी.

पण ती कापणार कुठे, हे कळल्यावर सगळी नजर माझ्याकडे वळली. अलंग! तुमच्या गुजरातेतला जहाजं फोडायचा किनारा. आजीबाईंच्या निरखण्याचा अर्थ मला तेव्हा लागला. ऑफिसात, बसमध्ये, शेजारी, जो तो विचारतो, "ते किनाऱ्यावर बोटी फोडतात ते ठिकाण कसं आहे?" विचारण्यात दयाही असते आणि थोडा ठपकाही. मी आधी लाजलो, मग चिडलो. म्हटलं, तुमची बोट तुम्हीच विकलीत ना? टनाच्या भावाने विकलीत. तिथला भाव जास्त मिळतो, कारण तिथं मजुरी कमी आणि मजुराच्या जिवाची किंमत त्याहून कमी. ओरिसा, बिहार, उत्तर प्रदेशातली पोरं गॅसकटर घेऊन वर चढतात आणि त्यातली काही खाली पडतात. हे मला ठाऊक आहे, तुला तर जास्तच ठाऊक आहे. तुझ्या बँकेच्या शाखेतले निम्मे खातेदार त्याच धंद्यातले. पण दोष निव्वळ अलंगचा कसा? बोटीला हात हलवणाऱ्यांपैकी एकानेही तिला कापणाऱ्या माणसाबद्दल विचारलं नाही. मीही नाही, हेही खरं.

एक योग बघ. अलंगच्या वाळूत पहिलं जहाज चढवलं ते १९८३ च्या फेब्रुवारीत. अराहुरा कामाला लागली तीही १९८३ लाच. इथं ही तीस-बत्तीस वर्षं फेऱ्या मारत होती आणि तिथं तुमचा किनारा तेवढीच वर्षं बोटी गिळत होता.

या शेवटच्या प्रवासासाठी तिचं नावही बदललंय. नवं नाव अहुरा. बारसं-बिरसं काही नाही. रोमन लिपीतल्या नावातली दोन अक्षरं रंगाखाली गेली की काम झालं. भंगारात जाणाऱ्या बोटीवर कोण जास्त रंग खर्च करतो? गुजरातच्या किनाऱ्याला अहुर, म्हणजे पारशांचा देव अहुर मझ्द, काही नवा नाही म्हणा. संजाणच्या पारशांना विचार.

तूच मला एकदा सांगितलं होतंस की अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घुसवतात आणि ओहोटी लागली की ते वाळूत कोरडं उभं राहतं. ते बघायला जा असं मी म्हणणार नाही. आत सोडत नाहीत, फोटो तर नाहीच नाही, आणि तुझ्या ओळखीने कोणी सोडलं तरी मला ते ऐकायचं नाहीये.

काम वेगळं आहे. साखळी आवळणारा माणूस म्हटलं होतं ना? आमच्या गल्लीत एक म्हातारबुवा राहतात, पंचाहत्तरीच्या पुढचे. सगळं आयुष्य त्यांनी अराहुराच्या रेल्वे-डेकवर डबे बांधण्यात घालवलं. उजव्या हाताची दोन बोटं त्यातच गेली. बोट विकल्याचं कळल्यावर ते माझ्याकडे आले. मला वाटलं, घंटा नाहीतर सुकाणूचं चाक मागतील, लोक तेच मागतात. त्यांना हवीय ती डबे आवळायची एक साखळी, स्क्रूसकट. म्हणाले, "तीस वर्षं ती माझ्या हातात होती, पण कधी घरी आणली नाही. चोरी झाली असती." आता चोरी होणार नाही ना, असंही त्यांनी मला दोनदा विचारलं.

तर तू असं कर. त्रापजच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बोटींतल्या सामानाची जी दुकानं आहेत, जिथून वहिनींनी ते कपबश्यांचे सेट घेतले होते, तिथं दिवाळीनंतर एक-दोन महिन्यांनी चक्कर मार. गाद्या, कपाटं, ताटल्या आधी बाहेर येतात, लोखंड मागून येईल. दुकानदार कुठल्याही साखळीला "हीच, साहेब, न्यूझीलंडवाली" म्हणेल, त्याच्यावर विसंबू नकोस. म्हातारबुवांनी एका कागदावर चित्र काढून दिलंय, सोबत पाठवतोय. एका टोकाला आकडा, मधे दोन्हीकडून फिरणारा स्क्रू आणि स्क्रूच्या दांडीला लोखंडी मूठ. डेकवर अडकवायच्या टोकाजवळची कडी वाकडी असेल तर ती नक्की आमचीच, असं ते म्हणतात. वाकडी का, ते विचारलं तर नुसते हसतात.

साखळी फार जड असली तर अख्खी आणू नकोस, स्क्रू आणि दोन-चार कड्या पुरेत. कापून देणारे तिथं शंभर भेटतील. भाव तू कर, तुझं गुजराती माझ्यापेक्षा बरं आहे, आणि बँकेचे साहेब आहात हे आधी सांगू नकोस, भाव चढेल. पोस्टाने पाठवायला साखळीच्या दहापट पैसे पडतील, ते मी देतो. नाहीतर मार्चमध्ये माझा भाचा पुण्याहून येतोय, त्याच्या बॅगेत घालता येईल. विमानतळावर त्याला काय विचारतील ते त्याचं तो बघेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर लिही, फोन करू नकोस. फोनवर तू फार हसतोस.

तुझा,
सुरेश