बाबांच्या प्रश्नाचे उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, "वर्गात त्या आजीबाई बोलणार, मुले त्यांच्याच भाषेत लिहिणार, सहल कुठे न्यायची हेही गावच ठरवणार, मग तू तिथे नेमके काय शिकवतेस?" प्रश्न रास्त आहे. तुम्ही जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेत, त्यामुळे फोनवरच्या तुटक उत्तराने तुमचे समाधान होणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. आईला कदाचित कंटाळा येईल, पण तिने शेवटपर्यंत वाचावे, कारण माझ्या तिकिटांचा विषय मी शेवटीच काढणार आहे.

आधी जागेची कल्पना यावी म्हणून सांगते. नॉर्दर्न टेरिटरी हा ऑस्ट्रेलियातला प्रांत आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा असून लोकसंख्या मात्र अडीच लाखांच्या आसपास आहे. ॲलिस स्प्रिंग्ज या शहराच्या वायव्येस तनामीचे वाळवंट लागते. त्या भागात युएन्डुमु, लाजामानु, विलोरा आणि न्यिरपी या चार वस्त्यांमध्ये वार्लपिरी भाषा बोलणारे आदिवासी राहतात. माझी शाळा त्यांपैकीच एका गावात आहे. मुले घरी, मैदानावर आणि भांडतानाही वार्लपिरी बोलतात. इंग्रजी त्यांच्या कानावर मुख्यतः शाळेत, दवाखान्यात आणि दुकानात पडते. बाहेरून आलेल्या माणसाला येथे 'कार्डिया' म्हणतात. माझा वर्ण पाहून मला त्यातून सूट मिळेल असे मला वाटले होते, पण मीही कार्डियाच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळते. मी इंग्रजी आणि गणित शिकवते. सकाळी वार्लपिरीचा तास असतो. तो गावातल्या शिक्षिका घेतात आणि त्या तासाला मी त्यांची मदतनीस असते. कागदोपत्री मात्र मी 'शिक्षिका' आणि त्यांतल्या बहुतेकजणी 'सहायक शिक्षिका' आहेत. ज्या बाईंना या मुलांच्या आज्यांनाही लिहायला शिकवल्याचे आठवते, त्या सहायक आणि माझ्यासारखी, दोन-तीन वर्षांत निघून जाण्याची दाट शक्यता असलेली बाई पूर्ण शिक्षिका, ही रचना मला येथे सर्वांत जास्त खटकते. तिच्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

वार्लपिरीचा अभ्यासक्रम सरकारने दिलेला नाही. चारही गावांच्या वार्लपिरी शिक्षकांनी अनेक वर्षांच्या एकत्र बैठकांतून तो स्वतः उभा केला आणि आजही ते दरवर्षी भेटून त्यात दुरुस्त्या करतात. त्यात तीन वर्षांचे एक चक्र आहे आणि येथे वर्षाला चार सत्रे असतात, तेव्हा प्रत्येक सत्राला एक विषय याप्रमाणे बारा विषय आहेत: पाणी, झाडे, पक्षी, शिकार, कुटुंब, शरीर आणि असेच आणखी. एखाद्या मुलीने पहिलीत 'पाणी' हा विषय केला असेल, तर चौथीत ती पुन्हा त्याच विषयाकडे येते, पण आता तिला पाणवठ्याचे नाव पुरत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे, त्याची कथा कोणती आणि त्या कथेची वाट पुढे कुठल्या पाणवठ्याला मिळते हेही तिला सांगता आले पाहिजे.

हे 'कोणाच्या ताब्यात' प्रकरण समजायला मला बराच वेळ लागला, आणि गावाने शाळा चालवणे म्हणजे काय हेही मला त्यातूनच उमगले. येथे प्रत्येक जागेला, तिच्या गाण्यांना आणि कथांना दोन बाजूंचे माणूस असते. बापाच्या वंशातून ज्यांना ती जागा मिळते ते 'किर्डा', आणि आईच्या वंशातून ज्यांच्याकडे तिची देखरेख येते ते 'कुर्डुंगुर्लु'. किर्डाने कथा सांगायची आणि ती बरोबर सांगितली जाते आहे की नाही यावर कुर्डुंगुर्लुने लक्ष ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. परिणामी एखाद्या टेकडीची गोष्ट मुलांच्या पुस्तकात छापायची असेल, तर ती गावात सर्वांना माहीत असूनही कोणी एकट्याने येऊन सांगून चालत नाही. मागच्या सत्रात आमची एक सहल ऐन निघताना बदलली. गाड्या दारात उभ्या होत्या, खाण्याच्या पेट्या चढवून झाल्या होत्या. पण त्या जागेची देखरेख ज्यांच्याकडे आहे ते गृहस्थ दुसऱ्या गावी अंत्यविधीला गेले होते, म्हणून आजीबाईंनी शांतपणे दुसरी दिशा दाखवली. कोणी आरडाओरडा केला नाही आणि मुलांनाही त्यात काही नवल वाटले नाही. माझ्या नियोजनाच्या वहीत मात्र त्या दिवसाचे पान फुकट गेले. अशा वेळी 'नियोजन' हा शब्द आपण किती एकतर्फी वापरतो हे ध्यानात येते.

वर्गातही नातीच बसण्याची जागा ठरवतात. समाजात आठ विभाग आहेत. पुरुषांच्या विभागनावाची सुरुवात 'ज'ने आणि स्त्रियांच्या 'न'ने होते. जावई आणि सासू या नात्यात जी माणसे येतात त्यांनी एकमेकांसमोर येऊ नये, बोलू नये, असा दंडक आहे. मलाही एक विभागनाव मिळाले आहे, त्यामुळे सगळ्या वर्गाशी माझे काही ना काही नाते लागते. (आई, तुझी लेक काही मुलांची चक्क आजी आहे.) बाहेरून आलेली नवी शिक्षिका शिस्त म्हणून दोन मुलांना एका बाकावर बसवते, ती मुले ऐकत नाहीत, आणि ती वहीत 'उद्धट' असा शेरा लिहिते. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या सहायक बाईंना खरे कारण पहिल्या क्षणीच कळलेले असते, पण त्यांना कोणी विचारत नाही.

बाबा, तुमचा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतो आहे: इंग्रजी आले नाही तर या मुलांचे पुढे काय होणार? हा प्रश्न येथील आई-बापांनाही पडतो आणि त्यांना इंग्रजी हवेच आहे. वाद फक्त क्रमाचा आहे. १९७३ साली पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या काळात येथे द्विभाषिक शाळा सुरू झाल्या, तेव्हा तत्त्व साधे होते: मुलाने वाचन-लेखन आधी स्वतःच्या भाषेत शिकावे, इंग्रजी तोवर तोंडी शिकावे, आणि मग हळूहळू इंग्रजीचे लेखन वाढवत न्यावे. गावागावांत छोटी छापखानेवजा केंद्रे निघाली आणि तेथे हजारो पुस्तके तयार झाली. १९९८ च्या डिसेंबरात प्रांताच्या सरकारने ही योजना गुंडाळण्याचे जाहीर केले आणि त्यावर मोठा विरोध झाला. २००८ मध्ये देशभर इंग्रजीतून एकच चाचणी सुरू झाली आणि त्याच वर्षी आदेश निघाला की शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवावे. वार्लपिरीला उरली दुपार, म्हणजे वाळवंटातल्या उन्हात दमलेली, पेंगुळलेली मुले. हा आदेश काढणाऱ्या प्रांताच्या शिक्षणमंत्री स्वतः आदिवासी होत्या, त्यामुळे 'आपला माणूस वर बसला की सगळे ठीक होते' हा आपल्याकडचा लाडका समज येथे टिकत नाही. पुढे तो आदेश मागे पडला, पण अशा प्रत्येक उलथापालथीत काही शिक्षक शाळा सोडून जातात आणि त्यांच्या जागी माणसे सहज मिळत नाहीत.

माझ्या मते सगळे येथेच अडते. गावाने शाळा चालवायची तर गावाकडे पैसा हवा आणि पदवी असलेली माणसे हवीत. वर्षातून एकदा वडीलधाऱ्यांना नृत्याला बोलावून ते साधत नाही. पैशाचा एक मार्ग वार्लपिरी लोकांनी स्वतः काढला. तनामीत सोन्याची खाण आहे. तिच्या रॉयल्टीतून त्यांनी २००५ मध्ये एक शिक्षण न्यास स्थापन केला. आमच्या सहली, त्यात शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांचे मानधन, बालवाडी, पुस्तके यांचा खर्च त्यातून निघतो आणि तो कशावर करायचा हे चारही गावांचे प्रतिनिधी बसून ठरवतात. ही गोष्ट मला मनापासून आवडते, पण तिचा सलही आहे: जे काम सरकारने करायचे, त्यासाठी लोकांनी स्वतःच्या जमिनीतून निघालेल्या सोन्याचा वाटा का द्यावा? सरकार तर अनेक वर्षे शाळांना पटसंख्येवर नव्हे, प्रत्यक्ष हजेरीवर पैसा देत होते. ज्या गावांत अंत्यविधीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे आठवडेच्या आठवडे दुसरीकडे जातात, जेथे कानाच्या जुनाट आजाराने कितीतरी मुलांना फळ्याजवळूनही नीट ऐकू येत नाही, तेथे या हिशेबाने सर्वांत गरजू शाळेलाच सर्वांत कमी मिळत असे. ती पद्धत अलीकडे बंद करायला घेतली आहे.

माणसांचा प्रश्न अधिक कठीण आहे. एके काळी बॅचलर नावाच्या गावातील महाविद्यालयाचे अध्यापक गावोगाव फिरून, शिक्षकांना घर न सोडता शिकता येईल अशी सोय करत. त्यातून तयार झालेली पिढी किती पुढे गेली हे पाहायचे असेल तर उत्तरेकडच्या यिरकला या गावाकडे पाहावे. तेथील योलंगु समाजातले एक शिक्षक, जे पुढे 'योथु यिंडी' या गायकवृंदाचे गायक म्हणूनही गाजले, १९९० मध्ये तेथल्याच शाळेचे मुख्याध्यापक झाले. त्या शाळेने आपली भाषा सोडली नाही, आणि २०२० मध्ये तेथील आठ विद्यार्थी विद्यापीठ-प्रवेशाचे गुण मिळवून बारावी उत्तीर्ण झाले. इंग्रजीविषयीच्या तुमच्या काळजीला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. आमच्याकडे मात्र त्या पिढीच्या बाई आता निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी यायला तरुण मुली थोड्याच आहेत. म्हणून दुपारी शाळा सुटल्यावर मी दोन सहायक शिक्षिकांबरोबर त्यांच्या पदविकेच्या अभ्यासाला बसते. बाबा, 'काय शिकवतेस' याचे खरे उत्तर बहुधा हेच आहे.

आता तिकिटांचे. शाळा डिसेंबरच्या मध्यास संपते. पुढच्या वर्षीच्या माझ्या नेमणुकीविषयी मुख्याध्यापक गावातल्या ज्येष्ठ बायकांशी बोलून ठरवणार आहेत आणि त्यांची बैठक पुढच्या महिन्यात आहे. त्यांनी होकार दिला तर मी जानेवारीअखेर इकडे परतेन, नाही तर सामान घेऊनच घरी येईन. आई, तू माझे घरी येण्याचे तिकीट काढून ठेव, परतीचे बैठकीनंतर पाहू. आणि बाबा, तुमच्या जुन्या कपाटात पहिलीच्या मुलांसाठी तुम्ही हाताने काढलेले चित्रतक्ते असतील, त्यांचे फोटो पाठवा. आमच्या पदविकेवाल्या दोघींनी ते मागितले आहेत.

तुमची लेक