सांबार, जांब, कोहळं हेही मराठीच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीत भाज्या-फळांच्या ‘अशुद्ध’ नावांवरचा लेख वाचला. सांबार, आलू, टरबूज, मुरमुरे ही हिंदीची घुसखोरी आहे, घरातून हे शब्द काढून टाकावेत, असा त्याचा एकूण रोख. मला तो अजिबात पटला नाही. मी पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींसाठी मेस चालवते. यवतमाळ, चोपडा, परभणी, सावंतवाडी अशी सगळीकडची पोरं माझ्याकडे जेवतात आणि ती ताटावर जे बोलतात ते आईकडून आलेलं मराठी असतं.

सांबाराचंच घ्या. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, पुडाची वडी तिकडे सांबारवडी होते. हा शब्द हिंदीतून आला म्हणावं, तर हिंदीत कोथिंबिरीला धनिया म्हणतात. आलू परका म्हणून टाकायचा, तर बटाटा कुठला? तो तर पोर्तुगिजांकडून आलेला. आलूचं नातं निदान संस्कृतातल्या आलुकाशी लागतं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी आणि हिंदी बोलणारे तिथे एकाच बाजारात भाजी घेत आले आहेत. किनाऱ्यावर पोर्तुगीज शब्द रुळले ते शुद्ध आणि तिकडे हिंदी रुळले ते अशुद्ध, हे कोणत्या मापाने ठरवलं?

मी माहेरची कराडकडची. आमच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. पुण्यात डांगर म्हणजे उडदाचं पीठ ताकात कालवून वर फोडणी दिलेलं तोंडीलावणं. तोच लाल भोपळा विदर्भात कोहळं, त्याची गूळ घालून केलेली बोंडं म्हणजे आमचे घारगेच म्हणा ना. आणि पुण्यात कोहळा मागितला की पांढरा मिळतो, ज्याचा पेठा करतात तो. आपल्याच आरोग्य सदरात उन्हाळ्यात कोहळ्याचा रस घ्यायला सांगितलं होतं. माझ्याकडच्या वर्ध्याच्या मुलीने ते कात्रण आईला पाठवलं. माऊलीने लाल भोपळा किसायला घेतला होता, लेकीने फोनवर थांबवलं. सदरात ‘पांढरा कोहळा, पेठ्याचा’ एवढं छापलं असतं, तरी भागलं असतं.

रात्री पिठलं केलं की स्वयंपाकघराच्या दारातच सुरुवात होते. लसणाची फोडणी तडतडली, कढईत पीठ रटरटायला लागलं, की यवतमाळचा विचारतो, “काकू, आज चून आहे का?” परभणीचा म्हणतो, बेसन. सावंतवाडीच्या मुलीला चून म्हणजे पातोळ्यांत भरतात ते नारळ-गुळाचं सारण, त्यामुळे ती कढईकडे बघतच राहते. हे मला ऐकायला फार आवडतं. पण नवी आलेली पोरं पेरूला जांब म्हणतात, शेंगदाण्याला फल्ली म्हणतात, आणि दिवाळीपर्यंत ते शब्द तोंडातून गेलेले असतात. कारण खोलीतली इतर मुलं हसतात. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी “फल्ली म्हणजे काय रे?” असं मोठ्याने विचारलं, की तो मुलगा मान खाली घालून जेवायला लागतो. अशा वेळी मी मुद्दाम मोठ्याने सांगते, “हो रे, फल्लीची चटणी आहे, घे अजून.” एवढंच माझ्या हातात आहे. आपल्या वर्तमानपत्राच्या हातात त्याहून पुष्कळ आहे. छापलेल्या शब्दाला मान मिळतो. परवाच्या लेखाने नेमका तोच काढून घेतला.

पुरवणीतल्या पाककृती बहुतेक पुण्या-मुंबईच्या बोलीत असतात. माझी विनंती अशी की, प्रत्येक पाककृतीत जिन्नसाच्या नावापुढे कंसात इतर भागांतली नावं द्यावीत: शिराळं (दोडका), घोसाळं (गिलकं), चवळी (बरबटी), कर्टोली (काटवल, फागलां), कुरमुरे (चुरमुरे, मुरमुरे). बाजारभावाच्या सदरातही तसंच करावं. जागा फार लागणार नाही. यादी हवी असेल तर मी पोरांना जेवायच्या वेळी बसवून लिहून घेते आणि कार्यालयात आणून देते. जिल्ह्याचं नाव प्रत्येक शब्दापुढे असेल.

कळावे,
एक मेसचालक, पुणे