तू विचारलंस ना, अजून त्या पार्टीत का आहेस म्हणून

सोन्या,

रविवारी रात्री साडेअकराचा तुझा मेसेज बघितला. "आई सिरियसली, तू याही वेळी ग्रीन्सची पोस्टर लावत फिरणार?" आणि खाली ते डोळे फिरवणारं तोंड. दोनदा उत्तर टाईप केलं, दोनदा पुसलं. मग म्हटलं नीट बसून लिहावं. मराठीतच लिहितेय, हळूहळू वाच, चार वर्षं दर शनिवारी मराठी शाळेत तुझी ने-आण केली ती फुकट नाही जाऊ द्यायची मला. शब्द अडला तर आज्जीला फोन कर, तेवढंच तिला बरं वाटेल.

तुझी तक्रार मला पाठ आहे. ग्रीन्स म्हणजे जर्मनीतली पर्यावरणवाली पार्टी, पण २०२३ च्या जानेवारीत ल्युत्झराथ गाव कोळशाच्या खाणीसाठी रिकामं केलं तेव्हा ऊर्जेचं खातं ग्रीन्सकडेच होतं. आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०११ पासून मुख्यमंत्री ग्रीन्सचा आणि तरी पवनचक्क्या बघायच्या तर उत्तरेकडे जावं लागतं. श्टुटगार्ट २१ ला, म्हणजे त्या जमिनीखालच्या नव्या रेल्वे स्टेशनला, विरोध करत निवडून आले आणि मग तेच स्टेशन बांधत बसले. हे शेवटचं जरा अर्धवट सांगतोस तू, कारण त्यावर नोव्हेंबर २०११ मध्ये सार्वमत झालं आणि जवळजवळ ५९ टक्के लोकांनी सांगितलं की राज्याने त्यातून अंग काढून घ्यायचं नाही, मग तेव्हाचे मुख्यमंत्री क्रेचमान काय करणार, लोकांना विचारायचं आणि उत्तर आवडलं नाही की कानात बोळे घालायचे असं थोडंच असतं. पण ते जाऊ दे. तुझं बाकीचं मान्य आहे मला, म्हणूनच उत्तर द्यायला वेळ लागला.

तुला आठवत नसेल, तू तीन वर्षांचा होतास. १२ मार्च २०११, शनिवार. नेकारवेस्टहाइमच्या अणुभट्टीपासून श्टुटगार्टपर्यंत ४५ किलोमीटरची माणसांची साखळी होती, ठरलेली आधीपासूनच, आणि नेमकं त्याच सकाळी टीव्हीवर फुकुशिमाच्या पहिल्या रिअॅक्टरची इमारत उडताना दाखवली. शेजारीण म्हणाली चल. मला तेव्हा जर्मन म्हणजे बेकरीपुरतं यायचं. छकुली पोटाशी बांधलेली, तू बाबागाडीत, हातात ब्रेत्सेल. साठ हजारांच्या आसपास लोक आले होते म्हणतात, मला दिसत होते दोन्ही बाजूंचे शंभरेक. उजव्या हाताला एक आजीबाई होत्या, सत्तरीच्या, त्यांनी हातमोजा काढून हात दिला. कुठून आलात विचारलं, मी सांगितलं भारत. मग म्हणाल्या, तुमच्याकडे पण आहेत का ह्या? मी तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, माझ्या माहेराजवळ होणारेत, सहा. त्यांना वाटलं मला आकडे येत नाहीत. बोटं दाखवून परत विचारलं, सहा?

हो, सहा. जैतापूरचा प्रकल्प, १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या. माडबन, निवेली, मिठगवाणे, ही नावं तू आजोळी एसटीच्या पाट्यांवर वाचलीयस. आपली कलमं त्या हद्दीच्या बाहेर, म्हणजे भरपाईचा चेकही नाही आणि झोपही नाही.

दोन आठवड्यांनी, २७ मार्चला इथे निवडणूक झाली, ग्रीन्सना २४.२ टक्के मतं मिळाली आणि सीडीयू या जुन्या मोठ्या पार्टीची ५८ वर्षांची सत्ता गेली. जर्मनीतला पहिला ग्रीन मुख्यमंत्री, तोही साधा बायोलॉजी-केमिस्ट्रीचा मास्तर. आणि त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, १८ एप्रिलला, मामाचा फोन आला की साखरी नाट्यात गोळीबार झाला, एक माणूस गेला. मच्छीमारांची वस्ती रे ती, तुला तिथल्या जेटीवर कालवं खायला घातली होती बघ. मी किचनमध्ये उभी होते, एका बाजूला टीव्हीवर इथले लोक मंत्रिमंडळाच्या वाटाघाटी करतायत आणि फोनमध्ये मामा सांगतोय की रस्ते बंद आहेत, कुणाला बाहेर सोडत नाहीयेत. नकार तोच रे. इथले लोकही नको म्हणत होते, तिथलेही नको म्हणत होते. ते माझ्या डोक्यातून कधी गेलंच नाही.

आता तू एफ-ओ-योटला, म्हणजे त्या पर्यावरणाच्या स्वयंसेवेच्या वर्षाला, तिकडे कायझरश्टूलच्या टेकड्यांजवळ आहेस ना, एका शनिवारी सायकल काढ आणि व्हील गावाच्या जंगलात जाऊन ये. तिथे एक दगड आहे, त्यावर त्यांच्या बोलीत कोरलंय, नाय हेमर गसाइट. नाही म्हटलं म्हणजे नाही. १९७५ च्या फेब्रुवारीत तिथल्या द्राक्षवाल्या शेतकऱ्यांनी आणि बायकांनी अणुभट्टीची जागा अडवली, पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून हाकललं, तीन दिवसांनी हजारो लोक परत येऊन बसले. भट्टी झालीच नाही. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. तसे लोक, आणि बाकी ठिकाणचे, घरी जाऊन नुसते गप्प नाही बसले, त्यांनी याद्या बनवल्या, निवडणुका लढवल्या, १९८० ला या राज्यात ग्रीन्सना ५.३ टक्के मतं पडली आणि सहा आमदार आले. ५.३ टक्क्यांत सहा! आपल्याकडे एवढ्या मतांत डिपॉझिट जप्त होतं, एक षष्ठांश मतं लागतात नुसतं ते परत मिळवायला.

म्हणून आमच्या कोकणात काय होतं बघ. प्रकल्प आला की संघर्ष समिती, प्रकल्प थांबला की समिती विरली. २०१९ ला नाणारची रिफायनरी रद्द झाली, लोकांनी पेढे वाटले, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती तपासायला गाड्या आल्या, पुढे पोलीस. बायका रस्त्यात आडव्या पडल्या. त्यात अशाही असतील ज्यांना २०११ पण आठवत होतं. परत पहिल्यापासून सुरू. जो पक्ष विरोधात असतो तो येऊन पाठिंबा देतो, सत्तेत गेला की त्याचा सूर बदलतो, आणि दोन्ही वेळा हार घालायला आपलीच माणसं. त्यांना स्वतःचं असं चार टेबलं आणि एक प्रोटोकॉलची, म्हणजे मीटिंगच्या नोंदींची, वही असलेलं काही उभं करताच आलं नाही, आणि दोष त्यांचा नाही.

तर मी ज्याला चिकटून बसलेय ती ही वही आहे. पार्टी नाही म्हणणार मी, वही.

मला पार्टीत आणलंस तूच, विसरलास? २०१९ ला तू अकरा वर्षांचा, शुक्रवारी शाळा बुडवून हवामानाच्या मोर्चाला पुठ्ठा घेऊन गेलास, शाळेतून मला चिठ्ठी. मी म्हटलं मुलगा पुठ्ठा धरतोय तर आपण निदान एक संध्याकाळ द्यावी. ओफाऊच्या, म्हणजे पार्टीच्या गावातल्या शाखेच्या, मीटिंगला गेले, रेस्टॉरंटची मागची खोली, नऊ माणसं, त्यातले सहा रिटायर्ड, आणि पावणेदोन तास चर्चा कशावर तर सायकल स्टँडच्या छपरावर. मला पासपोर्टचं कुणी विचारलंही नाही, मेंबर व्हायला नागरिक असावं लागत नाही, पगाराच्या एक टक्का वर्गणी तेवढी सांगितली. बाबा म्हणाले एक टक्का? देवळात तरी सुटे चालतात.

मग किटाच्या, म्हणजे बालवाडीच्या, वाटेवरचा टेम्पो ३०, ती ताशी ३० किलोमीटरची वेगमर्यादा, आठवतोय का. तीन वर्षं अर्ज केले. दरवेळी ऑफिसातून तेच उत्तर, हा मेन रोड आहे, अपघात झालेला नाही, नियमात बसत नाही. अपघात व्हायची वाट बघायची म्हणजे. आमचा ठराव ओफाऊतून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून वर, तसेच शेकडो गावांतून गेले असणार, माझा काही त्यात वेगळा नव्हता, आणि शेवटी २०२४ मध्ये रस्त्याचे नियमच बदलले बर्लिनमध्ये, गावांना ३० लावणं सोपं झालं. आता ती पाटी लागलीय. परवा तिथून जाताना मीच ४२ ने गेले आणि फ्लॅश पडला, हे बाबांना सांगू नको.

भारतीय पासपोर्ट सोडून जर्मन घेतला तोही मत देता यावं म्हणूनच, २०२२ मध्ये, तू तेव्हा चिडला होतास की आई रडतेय तर कशाला करतेय. सरेंडर सर्टिफिकेटवर सही करताना रडले खरं. पण मेंबर असून मत नाही म्हणजे पंगतीत वाढायचं आणि जेवायचं नाही, किती वर्षं करणार. बाबांनी नाही बदलला, त्यांना इथे मत नाही, पण घरात सगळ्यात जास्त मतं त्यांचीच असतात.

२०२४ च्या जूनमधल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मला पार्टीच्या यादीत सतरावं घातलं. विषम नंबर बायकांचे असतात ना यांच्यात, बायका कमी पडत होत्या, म्हणून विचारलं मला, त्यात काही कौतुक नाही. आपल्या नगरपालिकेच्या जागा २६, म्हणून प्रत्येकाला २६ मतं, एकाच माणसाला तीनपर्यंत देता येतात, दुसऱ्या पार्टीतला उचलून आपल्या यादीत लिहिता येतो, मतपत्रिका आठवडाभर आधी घरी येतात, चादरीएवढ्या. आपल्या डायनिंग टेबलवर पसरून मी स्वतःच्या नावापुढे ३ लिहायला लाजत होते, तर छकुलीने पेन घेऊन हातात दिलं. निवडून नाही आले. पण सतराव्यावरून नवव्यावर गेले, आणि कळलं की किटातल्या आयांनी तीन तीन मतं दिली, त्यातल्या काही तर सीडीयूच्या घरातल्या. आडनाव अजून कुणाला धड म्हणता येत नाही, "ती टेम्पो ३० वाली बाई" म्हणतात.

वाईट दिवस सांगत नाही असं नको वाटायला तुला. घरांच्या हीटिंगचा कायदा आला त्या वर्षी बाजारात पार्टीच्या स्टॉलवर उभी होते, एका माणसाने सूर्यफुलाच्या, म्हणजे आमच्या चिन्हाच्या, बियांचं पाकीट घेतलं, माझ्यासमोर फाडलं, बिया फरशीवर ओतल्या आणि शांतपणे निघून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी गुडघ्यावर बसून बिया वेचल्या, कारण बाजार संपला की फरशी स्वच्छ करून द्यावी लागते. २०२४ च्या फेब्रुवारीत बिबराख गावातली आमच्या पार्टीची सभा तर रद्दच करावी लागली, आंदोलकांनी रस्ते अडवले होते. त्या रात्री मी पण म्हटलं होतं सोडून देऊया. आणि खरं सांगू का, १५ एप्रिल २०२३ ला नेकारवेस्टहाइम बंद झालं तेव्हा मी एकटीने किचनमध्ये शिरा केला आणि खाताना मनात होतं की कोळसा अजून चालूच आहे, हे मी मामाला कसं समजावू. समजावता नाही आलं. मामा म्हणाला तुमचं बंद तरी झालं.

८ मार्च २०२६ ला राज्याच्या निवडणुकीत मत कुणाला द्यायचं ते तू बघ, आता दोन मतं असतात. छकुलीलाही आहे या वेळी, सोळाला मिळतं, ती मला काही सांगत नाही. तुझं मतदानाचं पत्र मात्र आलंय घरी, पोस्टल पाहिजे असेल तर या आठवड्यात कळव.

व्हीलला गेलास तर दगडाचा फोटो मामाला पाठव, मला नको. त्याला सांग काय लिहिलंय ते, मालवणीत सांग, जमेल तुला, "नाय" तर तेच आहे. सध्या मोहोराच्या गडबडीत आहे तो, थंडी बरी पडलीय म्हणतो, रात्री आठनंतर फोन कर.

आणि केबल टाय तू कुठे ठेवलेयस? गॅरेजमध्ये लाल डब्यात नाहीयेत, शनिवारी चाळीस पोस्टर लावायचीत आणि शिडी धरायला बाबा तयार झालेत.

तुझी आई