घुमट वाजवणाऱ्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

अल्बम परवा सगळीकडे लागला. ८ गाणी, ३६ मिनिटं. दहा वर्षं दुसऱ्यांच्या मागे उभं राहून कोरस गायल्यावर हा माझा एकटीचा पहिला. पण तुमच्याशिवाय तो असा झालाच नसता, आणि हे मला चारचौघांत सांगायचं आहे. गाणी चढवताना मी जो फॉर्म भरला, त्यात वाद्यांच्या यादीत घुमट नव्हतंच. गोव्याचं वारसावाद्य म्हणून सरकारने मान दिलेलं, मडक्याच्या तोंडाला चामडं मढवून केलेलं वाद्य, आणि मला तुमच्या नावापुढे ‘पर्कशन’ निवडावं लागलं. ते मनाला लागून राहिलं. इथे तुमचं नाव मी लिहीत नाही, कारण तुम्हीच नको म्हणालात.

कुर्डीच्या लोकांना जिथे वसवलं त्या वालकिणीला तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याकडे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डीवरचं गाणं होतं आणि ते पूर्ण झालंय असं मला वाटत होतं. सोप्यावर बसून मी ते म्हटलं. त्यात ‘पाण्याखाली झोपलं गाव’ अशी ओळ होती. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, चहा संपवलात आणि म्हणालात, “गांव बुडूंक ना गो बाय, आमकां उठयले.” गाव बुडालं नाही, आम्हाला उठवलं. बस.

परतीच्या बसमध्ये मला राग आला होता, खरं सांगते. ओळ मला फार आवडत होती. घरी येऊन आईला विचारलं, आजी कुर्डीहून निघाली तेव्हा नेमकं काय झालं? आई म्हणाली, पहिल्या गाडीत न्हाणीतलं तांब्याचं भाण चढवलं, कारण नव्या जागी पहिल्या सकाळी पोरांना गरम पाणी कुठून मिळणार? साळावली धरणाबद्दल मी किती वाचलं होतं, पण हे घरात असून मला माहीत नव्हतं. झोपलेलं गाव मी काढून टाकलं. तिथे आता ‘पहिल्या गाडीत भाण चढलं, दुसऱ्या गाडीत आजी’ आहे. लोक मला याच ओळीबद्दल निरोप पाठवतायत, काका. ती तुम्ही दिलीत.

मग मे महिन्यात पाणी ओसरल्यावर तुम्ही मला कुर्डीला नेलंत. भेगाळलेल्या चिखलातून चालत सोमेश्वराच्या उत्सवाला गेलो. वाटेत शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं घर होतं ती जागा दाखवलीत आणि थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मोगूबाईंचा जन्म १९०४चा, इथलाच. मला वाटायचं की त्यांच्या गावावर गाणं करायचं म्हणजे त्यात रागदारी हवीच. त्या दुपारी उत्सवात तुमचं घुमट, शेजारच्या पोराचं शामेळ (काठ्यांनी वाजवायची छोट्या नगाऱ्यांची जोडी) आणि कासाळे, म्हणजे झांजा, ऐकले, आणि गाण्याला काय हवंय ते कळलं.

रेकॉर्डिंगच्या आधी एका संगीत संयोजकाने सांगितलं होतं, घुमटाचे तयार सॅम्पल मिळतात, माणूस कशाला बोलावता? बरं झालं ऐकलं नाही. सॅम्पलमध्ये थाप असते. पण डाव्या हाताने मडक्याचं उघडं तोंड झाकत-सोडत तुम्ही जो आवाज वाकवता, तो आधी गाणाऱ्याचा श्वास ऐकतो आणि मगच वाकतो.

स्टुडिओत शिरल्या शिरल्या तुम्ही एसी बंद करायला लावलात, चामडं आखडतं म्हणून. जुलै महिना, बंद खोली, सगळे घामाने निथळत होतो. रेकॉर्डिस्टने एक माईक चामड्यापाशी लावला, दुसरा उघड्या तोंडापाशी, आणि दोन्ही एकत्र ऐकले तर खर्जच गायब! तुम्ही म्हणालात, आवाज एकीकडून ढकलला की दुसरीकडे ओढला जातो. त्याने एका माईकची पोलॅरिटी, म्हणजे आवाजाच्या लहरीची दिशा, उलटी केली आणि घुमट परत आलं. तो मुलगा ही गोष्ट अजून सगळ्यांना सांगतो.

क्लिक, म्हणजे कानात लय मोजणारी मशीनची टिकटिक, मिनिटाला ८४ ठोक्यांवर लावला होता. दुसऱ्या कडव्यात तुम्ही हात थांबवलात. “बाय, धांवता कित्याक गो?” मला वाटलं मी मशीनच्या पुढे जातेय. तसं नव्हतं. मशीनबरोबर राहायच्या धडपडीत मी शब्द गिळत होते. घुमट आरती संथ सुरू होते आणि चढत जाते, कुणी मोजत नाही, ते तुम्ही नुसतं वाजवून दाखवलंत. क्लिक काढला. समोरासमोर बसून एकत्र वाजवलं, तिसरा टेक ठेवला. आता एका टेकमधला तुकडा दुसऱ्यात जोडता येणार नाही, असं रेकॉर्डिस्टने बजावलं होतं. जोडायची वेळच आली नाही.

आणखी एक. मी हट्टाने म्हणाले होते, तुमच्या वडिलांचं घोरपडीच्या चामड्याचं जुनं घुमट काढा, तो आवाज हवाय. तुम्ही सरळ नाही म्हणालात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते योग्य नाही, आणि आता कायदा नसता तरी मी वाजवलं नसतं, असं म्हणालात. बकऱ्याच्या चामड्याचा आवाज वेगळा आहे हेही तुम्ही लपवलं नाहीत. अल्बमवर जो आवाज आहे तो आजचा आहे, तुमचा आहे, आणि मला तोच हवा होता हे मला उशिरा समजलं.

मानधनाचं पाकीट दिलं तेव्हा तुम्ही आधी शामेळवाल्या पोराचं वेगळं काढायला लावलंत. त्याने त्या पैशांतून स्वतःचं नवं शामेळ मढवून घेतलंय, मला फोटो पाठवला.

तुमची घुमट बांधायची कापडी पट्टी स्टुडिओतच राहिली होती. धुऊन ठेवली आहे. रविवारी सकाळच्या बसने येते, आईलाही आणते. तिला तुमच्या तोंडून आजीच्या वाड्याबद्दल ऐकायचंय.

तुमची,
बाय