इव्हेंट टीम, परमिशन आणि स्पॉन्सरचं काम या आठवड्यात संपवा

नमस्कार मंडळी, एसवाय-टीवायच्या मार्केटिंग-इव्हेंटवाल्या सगळ्यांसाठी, नीट वाचा प्लीज. फेस्ट तोंडावर आलाय आणि पोलीस स्टेशनचा अर्ज अजून प्रिन्सिपल सरांच्या सहीसाठीच पडून आहे, तो उद्याच्या उद्या द्या कारण परमिशन ऐनवेळी मिळत नाही. मैदानावर स्पीकर रात्री 10 ला बंद म्हणजे बंद, 2000 चे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यामुळे बँड 8 ला स्टेजवर हवा, साउंड चेक दुपारीच उरका.

गाण्यांचं लायसनही बघा. कॉपीराइट कायद्यात कॉलेजच्या कार्यक्रमांना सूट आहे पण ती प्रेक्षक फक्त विद्यार्थी, पालक नि स्टाफ असतील तरच, आपण बाहेरच्यांना तिकीट विकतोय म्हणजे ती धरून चालू नका.

आता स्पॉन्सर. गेल्या वर्षी कोणीतरी व्हॉट्सॲपवरून लोगोचा स्क्रीनशॉट प्रिंटरला पाठवला, वीस फुटी फ्लेक्सवर अक्षरं नुसती फुटलेली, स्पॉन्सरचे काका गेटवर उभे राहून बघत होते आणि काहीच बोलले नाहीत, मला अजून आठवतं ते. म्हणून लोगो सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) किंवा पीडीएफमध्येच मागा, प्रूफ त्यांना दाखवा, ओके आल्यावरच छापा. फेस्ट झाला की स्टॉलचे फोटो आणि गर्दीचा खरा आकडा असलेला रिपोर्ट त्यांना द्यायचा, फुगवून नाही हं, पुढच्या वर्षी तेच काका परत पैसे देणार की नाही ते यावरच ठरतं.

कोण काय करतंय ते आज रात्रीपर्यंत इथेच टाका.