उद्यमबागेतल्या माझ्या माणसांना

नावं लिहिली तर मेस्त्री रागावतील, म्हणून लिहीत नाही.

खानापूरहून बेळगावला उद्यमबागेत फौंड्रीत (वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यांत ओतायचा कारखाना) लागलो तेव्हा मला वाळू म्हणजे वाळू, एवढंच ठाऊक. मेस्त्री शिफ्टच्या तासभर आधी हजर. मूठभर वाळू दाबायचे, गोळा मधोमध मोडायचे आणि तुटलेली कड बघून सांगायचे, "पाणी जास्त झालंय." ओल ३-४ टक्क्यांच्या वर गेली की १,४०० अंशांच्या आसपासचं लोखंड ओतताना वाफ कोंडते, कास्टिंगला, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागाला, भोकं पडतात. माझे एकदा अकरा साचे असेच वाया गेले. ओरडले नाहीत. घरी जायचं सोडून माझ्याबरोबर परत भरायला बसले, दुखऱ्या गुडघ्यांनी! दुसऱ्या दिवसापासून मीही लवकर यायला लागलो. (त्यांच्या आधी पोचणं अजून जमलेलं नाही.)

लॅडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं) धरताना "निधान, निधान" (हळू, हळू) म्हणणारे कन्नड अण्णा, डब्यातली अर्धी भाकरी देणाऱ्या कोअरवरच्या (साच्यात बसवायच्या वाळूच्या गाभ्यांच्या कामावरच्या) मावशी, शेवटची बस चुकल्यावर खानापूरला सोडून पैसे न घेणारा टेम्पोवाला, सगळ्यांचे मनापासून आभार.

परवापासून वाळूचं काम माझ्याकडे आलंय. उद्या कुंदा आणतोय. मेस्त्रींना शुगर आहे, त्यांच्यासाठी शेंगा.