बाहुल्यांचे फोटो काढणारी बाई

शिकागो, मार्च 2019

ताई,

रविवारी बोलता बोलता तुझा फोन कट झाला आणि मग तुझं काही उत्तरच नाही, म्हणून लिहूनच टाकते. तू विचारलंस ना, बाहुल्यांचे फोटो काढून कुणाचं पोट भरतं का गं म्हणून. तर भरतं. लॉरी सिमन्स. 1949 चा जन्म, वडील डेंटिस्ट, न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर वाढलेली, आणि 1976 पासून बाई हेच करतेय. इथल्या कंटेम्पररी आर्टच्या म्युझियममध्ये सध्या तिचं मोठं प्रदर्शन लागलंय, मंगळवारी इथल्या लोकांना तिकीट नसतं मग काय, हाफ डे टाकला आणि गेले.

सुरुवात अगदी साधी. फिलाडेल्फियाच्या आर्ट स्कूलमधून 1971 ला पास झाली, न्यूयॉर्कला आली, सोहोमध्ये जिमी डिसाना नावाच्या फोटोग्राफर मित्राबरोबर लॉफ्ट (म्हणजे एक मोठी मोकळी खोली) शेअर करून राहायची, डार्करूमचं काम त्याच्याकडून शिकली. आणि मग लहान मुलींच्या डॉलहाऊसमधलं सामान, वॉलपेपरचे तुकडे वगैरे मांडून फोटो काढायला लागली. 1976 चा तो सिंकचा फोटो बघ, बोटभर सिंक, मागे वेलीचा वॉलपेपर, बास. क्षणभर कळतच नाही खरं की खोटं, आणि कळल्यावरही नजर हलत नाही.

पुढे रंगीत आले. एका फोटोत बाहुली फ्रिज उघडून उभी आणि दूध मधोमध. शेजारी दुसरा, तोच फ्रिज, तीच बाई, दूध फक्त उजवीकडे सरकलंय. मला हसू आलं आणि मग आलं नाही. सगळं कसं जागच्या जागी, लख्ख, आणि त्यात ही एकटी. कुणी म्हणतं तिने बायकांच्या घरकामावर चिडून काढलेत हे फोटो, मला नाही तसं वाटत. चिडलेलं माणूस इतक्या मायेने ओटा मांडत नाही. आणि तरी बाई त्या घरात फर्निचरसारखीच दिसते, हे पण खरंच ना. आई दुपारी सगळं आवरून ओट्याला टेकून उभी राहायची बघ, ते काय होतं हे मला अजून कळलेलं नाही.

1979 ला न्यूयॉर्कच्या आर्टिस्ट्स स्पेस नावाच्या गॅलरीत पहिलं एकटीचं प्रदर्शन झालं. भाऊजींना सांग, 1984 मध्ये तिने मागे पडद्यावर पार्थेनॉन, पिरॅमिड अशा जागांच्या स्लाइड टाकल्या आणि पुढे प्लास्टिकच्या बायका उभ्या करून फोटो काढले, म्हणजे तुमच्या स्टुडिओतल्या ताजमहालच्या पडद्याचीच आयडिया, फक्त हिच्याकडे प्रोजेक्टर होता.

मला सगळ्यात आवडला तो 1987 चा, पायवाला कॅमेरा. एक भला मोठा कॅमेरा, खाली माणसाचे पाय. आत जिमी होता, कॅमेऱ्याचा तो ड्रेस अंगावर चढवलेला. पुढे तिने घर, केक, पर्स असं सगळं पायांवर चालवलं, पण पहिला मान मित्राला. 1990 मध्ये तो एड्सने गेला, त्याच्या कामाची देखभाल आजही हीच करते. याबद्दल भिंतीवर दोन ओळी होत्या, मी मात्र तिथे बराच वेळ थांबले.

बोलक्या बाहुल्याही आहेत हं. अमेरिकेत केंटकीमध्ये शब्दभ्रमकारांच्या बाहुल्यांचं अख्खं म्युझियम आहे, तिथे जाऊन तिने फोटो काढले, आपल्या अर्धवटरावांचे हे सगळे भाऊबंद! मग 1994 मध्ये स्वतःसारखी दिसणारी एक बाहुली करवून घेतली आणि तिच्याभोवती सहा पुरुष बाहुले बसवले, सगळे तिच्याकडेच बघतायत. लाकडी चेहरे आहेत माहीत असून अंगावर काटा येतो, लग्नकार्यात आपल्याकडे बघणारे काका लोक आठव. 2006 मध्ये याच सगळ्यावर तिने गाण्यांची एक चाळीसेक मिनिटांची फिल्म केली, त्यात हॉलिवूडची मेरिल स्ट्रीप आहे, म्हणजे बघ.

शेवटी आली ती जपानची माणसाएवढी बाहुली. 2009 मध्ये मागवली, आणि तिच्यासोबत एका वेगळ्या डब्यात साखरपुड्याची अंगठी. (त्या डब्यात आणखी काय होतं ते फोनवर सांगेन.) हिने तिला कपडे घातले, स्वतःच्या घरात बसवली, पुढे पुढे दागिने, शेवटी गेशाचा मेकअप. लोक या फोटोंचं फार कौतुक करतात. मला कसंसंच झालं. त्या छोट्या किचनमध्ये मी स्वतः जाऊन उभी राहायचे, इथे नुसतं बघत बसावं लागतं, आणि बघणं नकोसं होतं. कदाचित तिला तेच पाहिजे असेल, असेल बापडं. त्यानंतर तिने जिवंत मॉडेल घेतल्या, त्यांचे डोळे मिटवून पापण्यांवरच डोळे रंगवले! लांबून नॉर्मल पोरी वाटतात, जवळ गेलं की पायाखालची जमीन सरकते.

घरातले सगळेच कलाकार, नवरा कॅरोल डनहॅम पेंटर, मुलगी लीना सिनेमा-सिरियलवाली, मुलीच्या 2010 च्या सिनेमात आईचा रोल हिनेच केला आणि शूटिंगही यांच्याच घरात.

कॅटलॉग घेतलाय, जाड आहे, पोस्टाचे पैसे फार होतात म्हणून दिवाळीत येताना आणते. भाऊजींना आणि छकुलीला खुशाल दाखव, पण त्या जपानी बाहुलीची पानं मी आधीच क्लिप लावून ठेवेन, बाबांच्या हातात पडली तर मी इथे काय शिकायला आले याचा हिशोब तुलाच द्यावा लागेल.

तुझी,
मनू